काकू, यात मासे कुठे आहेत?

दिवाळीत फराळाला आलेला प्रत्येक जण आमच्या हॉलमधल्या अडीच फुटी टँकसमोर वाकतो, डोळे बारीक करतो आणि विचारतो, "यात मासे आहेत ना?" मी बोट दाखवून मासे दाखवते. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "एवढी हौस आहे, तर रंगीत मासे का नाही ठेवत?" तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा बसून सांगते.

रंगीत मासे माझ्याकडेही होते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आम्ही छोटा टँक घेतला आणि दुकानदाराने पिशवीत सहा मासे बांधून दिले. अंग काचेसारखं आरपार, पाठीवर कुणाच्या गुलाबी रेघ, कुणाच्या पोपटी. ट्यूबलाइटखाली त्या रेघा रेडियमसारख्या चमकायच्या. "ही जातच अशी असते," असं त्याने सांगितलं होतं. दोन महिन्यांत दोन मासे गेले, अंगावर पांढऱ्या गाठी येऊन. उरलेल्या चौघांचे रंग हळूहळू विटत गेले. पाणी बिघडलं असेल, खाणं चुकलं असेल, म्हणून मी स्वतःलाच बोल लावत होते.

खरी गोष्ट पुढे कळली. ते रंग माशाचे नव्हतेच. तो साधा काचमासा. त्यातली पारंबासिस रांगा ही जात तर आपल्याच नद्यातळ्यांतली. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात १८२२ साली तिचं वर्णन केलेलं आहे. या माशाला स्वतःचा रंग नाही, म्हणून गिऱ्हाईक मिळावं यासाठी जिवंत माशाच्या कातडीखाली सुईने रंग टोचतात. मासा जेमतेम दोन इंचांचा, आणि त्याला एकदा नाही, अनेक ठिकाणी टोचायचं. हे वाचलं त्या रात्री मला जेवण गेलं नाही. असे मासे कुठे दिसले तर कृपा करून घेऊ नका, दया येऊनसुद्धा घेऊ नका. एक विकला गेला की त्या जागी दुसरा टोचला जातो.

पण रंग उडालेले ते चार मासे माझ्याकडे पुढे बरेच दिवस राहिले, आणि मासा बघायचा कसा हे मला त्यांनी शिकवलं. पाठीचा कणा मणका न् मणका दिसायचा, त्यातून निघालेले केसासारखे काटे दिसायचे. पोटाशी चांदीच्या वर्खात गुंडाळल्यासारखी एक पिशवी, सगळी आतडी त्या पिशवीत. मासा वळला की कणा कसा वाकतो, हे मी भात शिजेपर्यंत बघत उभी राहायची. नराच्या परांच्या कडेला बारीक निळसर झाक असते, तीही रंग विटल्यावरच मला दिसली.

आता टँकमध्ये आहेत ते पिग्मी गुरामी. मूळचे थायलंड-कंबोडियाकडचे, वाढून वाढून दीड इंच. दुकानात बघाल तर मळक्या पाण्यात पडलेला काडीचा तुकडा वाटेल. त्यात दुकानातला पांढरा लखलखीत उजेड आणि उघडी काच, घाबरून तो आणखीच फिका पडतो. मी तळाला काळी वाळू घातली आहे, भरपूर झाडं लावली आहेत आणि आमच्या गेटबाहेरच्या देशी बदामाची वाळलेली पानं धुऊन टाकते. पाणी कोऱ्या चहासारखं होतं. त्या पाण्यात संध्याकाळचं ऊन गॅलरीतून तिरकं शिरलं की त्याच तपकिरी अंगावर निळे-हिरवे ठिपके पेटतात आणि डोळ्याभोवतीचं निळं कडं उजळतं. जेमतेम दहा मिनिटं. पाहुणे नेमके त्या वेळी येत नाहीत.

आणि हा मासा बोलतो. कल्ल्यामागच्या परांना जाड कंडरा, म्हणजे स्नायूंना जोडलेल्या दोऱ्या, असतात. त्या ताणून सोडल्या की तुणतुण्याची तार छेडावी तसा आवाज होतो. पंखा बंद केला, टीव्ही बंद केला आणि कान काचेजवळ नेला, तर किर्र-किर्र स्पष्ट ऐकू येतं. दोन नर समोरासमोर आले, पर ताठ झाले, की हे भांडण सुरू. चावाचावी फारशी होत नाही, बरंचसं भांडण आवाजावरच मिटतं. नर पानाखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो, निसटलेली अंडी तोंडात धरून पुन्हा वर नेऊन ठेवतो. मागच्या पावसाळ्यात रात्री अकरापर्यंत मी टॉर्चवर लाल कागद लावून हे बघत बसले होते.

परवा शेजारच्यांचा नातू आला. त्याचाही तोच प्रश्न: "काकू, यात मासे कुठे आहेत?" या वेळी मी बोट दाखवलं नाही. पंखा बंद केला आणि म्हटलं, बस इथे. पाच मिनिटं तो चुळबुळला. मग एकदम गप्प झाला आणि माझा हात घट्ट धरला. "कोण ओरडलं?"

"तूच शोध," मी म्हटलं. त्याची आजी जेवायला हाका मारत होती, तरी तो काचेला नाक लावून बसला होता.