आमची वाटचाल : आधी ओळख, मग किंमत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी सुरू केलेल्या आमच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षे ट्रक-टेंपोचे हौदे बांधणे आणि ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करणे एवढेच काम चालत असे. जुन्या गाड्या मूळ रूपात उभ्या करण्याच्या कामाला शिस्त आली ती आमच्याच एका चुकीमुळे. एका गिऱ्हाइकाच्या जुन्या जीपची गंजलेली चासी आम्ही उत्साहाच्या भरात ग्राइंडरने घासली आणि गंजाबरोबर चासी नंबराचे दोन आकडेही घासून टाकले. गाडी देखणी झाली, पण कागदाशी तिचा मेळ बसेना, आणि ते निस्तरता निस्तरता त्या कामातली सगळी मजुरी गेली. तेव्हापासून गाडीची ओळख पटवणे आणि तिचे मोल ठरवणे हे आम्ही स्वतंत्र काम मानतो व त्याचे पैसेही वेगळे घेतो. ‘गाडी आमची, ती कुठली हे आम्हाला ठाऊक नाही होय?’ असे सुरुवातीला पुष्कळ ऐकावे लागले.

ते बहुधा ठाऊक नसते. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळवाल्या कुटुंबाने गुळाचे रवे वाहिलेली पिकअप आणली, तेव्हा ‘आज्जानं बावन्न साली घेतलेली अमेरिकन विलिस’ असे सांगितले होते. चालकाची बैठक थेट पुढच्या आसावर आणि इंजिन दोन सीटांच्या मधल्या झाकणाखाली, ही रचना पाहताच गाडी विलिस या अमेरिकन जीप कंपनीच्या एफसी, म्हणजे ‘फॉरवर्ड कंट्रोल’, घराण्यातली आहे हे कळत होते. पण हे मॉडेल खुद्द अमेरिकेतच 1956 च्या अखेरीस आले. आपल्याकडे महिंद्रने विलिसच्या जीपची जुळणी 1947 मध्ये सुरू केली खरी, परंतु हलकी व्यापारी वाहने बनवायला घेतली ती 1965 मध्ये. म्हणजे बावन्न साली आज्जांनी काही घेतलेच असेल तर ती दुसरी गाडी असणार. हे घरच्या वडीलधाऱ्यांना सांगणे हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे, आणि तो मी अजूनही कारागिरांवर सोपवत नाही.

पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावला, तर 81 इंच भरले. म्हणजे एफसी-150, तिच्याहून लांब असलेली एफसी-160 नव्हे. चासीवरचा गंज आता आम्ही रॉकेल आणि तारेच्या ब्रशनेच काढतो, मग पारदर्शक टेपखाली पेन्सिलीच्या भुकटीने नंबराचा ठसा घेतो. पत्र्याची परीक्षा सुती फडक्यात गुंडाळलेल्या लोहचुंबकाने होते : जिथे तो धरत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी असते. या गाडीच्या डाव्या दारावर तो हातभर खाली घसरत गेला. हौदा मात्र जाडजूड पत्र्याचा आणि अस्सल होता, फाळक्याची एक बिजागरी तेवढी गावच्या लोहाराने घडवलेली.

मोल ठरवताना आम्ही तीन आकडे लिहून देतो : आज आहे त्या अवस्थेतली किंमत, कामाचा खर्च, आणि काम झाल्यावर बाजारात येऊ शकेल ती किंमत. दुसरा आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा निघाला, तरी तो झाकत नाही. पाच वर्षांहून जुन्या गाडीची विम्यातली किंमत मालक आणि विमा कंपनी यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे फोटोंसह लेखी अहवाल तिथेही उपयोगी पडतो. 2021 पासून 50 वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना विंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. तिचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि अशी गाडी धंद्याला वापरता येत नाही. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झाला असेल तर ही वाट बंद होते.

इथेच आमचे घोडे अडले होते. डिझेल स्वस्त म्हणून या गाडीचे पेट्रोल इंजिन कधीच काढून दुसरे बसवलेले होते. मूळचे हरिकेन इंजिन 134 घनइंचांचे, म्हणजे सुमारे 2.2 लिटरचे, त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. सीजे-3बी जीपलाही हेच इंजिन असल्याने त्याचे सुटे भाग शोधले तर मिळतात, पण आम्हाला याच गाडीचे इंजिन हवे होते. आरसी बुक वाळवीने खाल्लेले, इंजिन नंबराचे शेवटचे चार आकडे तेवढे शिल्लक. पहिल्या अहवालात आम्ही ‘मूळ इंजिन नाही’ असे लिहून किंमत बरीच खाली धरली.

अहवाल वाचून घरातल्या आजी म्हणाल्या, ‘ते लोखंड व्हय? ते गुऱ्हाळात हाय की.’ एका फुटक्या काहिलीखाली, पोत्यांत गुंडाळलेले इंजिन निघाले. आम्ही तिथेच उकिडवे बसून ब्लॉकवरचे ग्रीस पुसले. चारही आकडे जुळले, आणि परतल्यावर त्या गाडीचा अहवाल आम्ही नव्याने लिहिला.