मिलिमीटरचा दहावा भाग : आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमच्या शेडला लोक अजूनही 'व्हॉल्व्हवाले' म्हणूनच ओळखतात. वडिलांनी ऐंशीच्या दशकात दोन जुन्या लेथवर हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या स्पूलचे (व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांडीचे) जॉबवर्क सुरू केले आणि आजही महिन्याचे पगार त्याच कामातून निघतात. पण गेली काही वर्षे शेडच्या मागच्या खोलीत दुसरेच काम चालते. मेंदूला मार लागल्यावर किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्यावर न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशी, कसे वाचवता येतील, याचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळांसाठी तिथे आम्ही उपकरणे बनवतो. 'हे तुमच्याकडे कसे आले?' असे बरेच जण विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतो.

सुरुवात एका दुरुस्तीने झाली. औषधशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम परदेशी बनावटीची एक चौकट घेऊन शेडमध्ये आल्या. तिची एक दांडी किंचित वाकली होती. "अण्णा, एवढं सरळ करून मिळेल का? नवीन मागवली तर यायला तीन महिने, आणि किंमत विचारूच नका." मी दांडी व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज (बारीक फरक काट्याने दाखवणारे मापक) लावला. सरळ केली असती तर ती पुन्हा वाकली असती. त्यापेक्षा स्टेनलेस स्टीलमध्ये नवीनच करून दिली. ती दांडी कशाला लागते हे मात्र मी त्यांच्याकडून नीट समजून घेतले, आणि त्या दिवशी दुपारचे जेवण राहिले ते राहिलेच.

त्या चौकटीला स्टिरिओटॅक्सिक फ्रेम म्हणतात. लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ली आणि रॉबर्ट क्लार्क यांनी १९०८ मध्ये तिची पद्धत मांडली. भूल दिलेल्या उंदराच्या दोन्ही कानांत दोन दांड्या, दात एका पट्टीवर, म्हणजे डोके हलायचे नाही. वर एकमेकांना काटकोनात बसवलेल्या तीन स्लाइड, प्रत्येकीला सरकवायला लीड स्क्रू आणि बारीक माप वाचायला व्हर्नियर पट्टी. कवटीची हाडे जिथे जुळतात तो ब्रेग्मा नावाचा बिंदू शून्य धरायचा आणि तिथून मोजून सुई मेंदूत ठरलेल्या जागी न्यायची. सगळे वाचन मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. त्या उंदराचा अख्खा मेंदू जेमतेम दोन ग्रॅमचा. ज्या भागात रक्तस्राव घडवून अभ्यास करतात तो पाच-सहा मिलिमीटर खोल. सुई एक अंश जरी तिरकी असली तरी सहा मिलिमीटर खोलीवर टोक मिलिमीटरचा दहावा भाग बाजूला जाते. आमच्यासारख्या, स्पूल आणि बोअरमधली फट मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजणाऱ्या माणसाला हे ऐकून बरे वाटले. ही भाषा आपली आहे, असे वाटले.

पहिली फ्रेम बनवताना खरा त्रास बॅकलॅशचा, म्हणजे स्क्रू आणि नटमधल्या ढिलाईचा. स्क्रू उलटा फिरवला की स्लाइड लगेच हलत नाही, आकडा मात्र बदलतो. दोन भागांचे नट करून मध्ये स्प्रिंग घातली, स्लाइडच्या डोव्हटेल खाचेला ढिलाई काढणारी पितळी पट्टी (गिब) दिली, ती हाताने स्क्रेप करून बसवली. अॅनोडायझिंग कोल्हापुरातून करून आणले. स्क्रेपिंग आमच्या मिलिंगच्या मिस्त्रीमामांनी केले. निळा लावायचा, घासायचे, उंचवटे दिसले की पुन्हा खरवडायचे. असा हात असलेली माणसे उद्यमबागेत आता फार थोडी उरली आहेत.

त्यानंतर वर्षभरातच मिस्त्रीमामांनाच मेंदूत रक्तस्राव झाला. बीपी कधीचे वाढलेले, गोळ्या मनाला येईल तेव्हा. जीव वाचला, पण उजवा हात पूर्वीसारखा झाला नाही. पुढे बरे होऊन शेडमध्ये आले तेव्हा त्यांनी मॅडमना विचारले, "रक्त आपलंच, मग ते मेंदूला का मारतंय हो?" मॅडमनी खुर्ची ओढून त्यांना सांगितले आणि आम्ही सगळे मशीन बंद करून ऐकत उभे राहिलो.

साठलेल्या रक्ताचा दाब पडतो हा पहिला घाव. दुसरा घाव नंतरचा, काही तासांपासून काही दिवसांपर्यंत चालणारा. तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन बाहेर पडते, त्यातला लोह धरून ठेवणारा हीम तुटला की लोह मोकळे होते. ते लोह पेशींच्या पातळ स्निग्ध आवरणाला ऑक्सिडेशनने खाऊन टाकते. आयुष्य लोखंडात काढलेल्या आम्हा लोकांना हे फार लागले. डोक्याला मार बसतो तेव्हाही असाच दुसरा घाव असतो. इजा झालेल्या पेशींतून ग्लुटामेट हे संदेश नेणारे रसायन बाहेर सांडते, शेजारच्या न्यूरॉनमध्ये कॅल्शियमचा लोंढा शिरतो, पेशीला ऊर्जा देणारे मायटोकॉन्ड्रिया बंद पडतात, सूज चढते. कवटी काही फुगत नाही, त्यामुळे आतला दाब वाढत जातो. पहिला घाव कुणाला परत घेता येत नाही. संशोधन चालते ते या दुसऱ्यावर.

आणि इथेच पन्नासहून अधिक वर्षांचे कष्ट अडकून पडले आहेत. उंदरात गुण दिसलेली औषधे माणसात एकामागून एक पडली. डोक्याच्या दुखापतीत स्टिरॉइड देण्याची चाचणी दहा हजारांवर रुग्णांवर झाली आणि २००४ मध्ये कळले की स्टिरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त होते. डोक्याच्या दुखापतीत प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकावर केवढी आशा होती. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, फायदा शून्य. रक्तस्रावानंतर लोह बांधून ठेवणारे डेफेरॉक्सामिन, त्याच्या २०१९ च्या निकालातही हवा होता तेवढा फरक दिसला नाही. हाती लागले ते थोडे आहे, पण आहे. मेंदूच्या आवरणाखालच्या रक्तस्रावात निमोडिपिन एकवीस दिवस देतात, ते १९८९ च्या ब्रिटिश चाचणीने पक्के केले. आणि २०१९ मध्ये ट्रानेक्झॅमिक अॅसिड: मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिले तर सौम्य आणि मध्यम दुखापतीत मृत्यू कमी होतात. ते न्यूरॉनला थेट वाचवत नाही, रक्त वाहणे आवरते.

हे तीन तास आमच्या भागात फार महाग आहेत. खानापूरच्या जंगलपट्ट्यातली गावे, चंदगड, इकडे निपाणी-संकेश्वर, सगळीकडचा डोक्याचा पेशंट बेळगावकडे धावतो. ऊस हंगामात रात्री मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर उभ्या असतात आणि पोरे हेल्मेट टाकीवर ठेवून गाडी चालवतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाने हेल्मेट डोक्यावर घालूनच गेटमधून आत यायचे, हा नियम मी वडिलांशी भांडून लावला आणि तो मोडणाऱ्याला परत पाठवतो.

औषधे का पडली याची कारणे अनेक सांगतात. प्रयोगातले उंदीर तरुण आणि निरोगी, औषध इजेनंतर काही मिनिटांत दिलेले, उंदराच्या मेंदूला माणसासारख्या वळ्याही नाहीत. यातले काहीच आमच्या हातात नाही. पण एक कारण आहे जे सरळ वर्कशॉपमध्ये येऊन बसते. प्रत्येक उंदराला बसलेली इजा सारखी नसेल, तर औषधाने फरक पडला की मारच कमी बसला, हे कळणार कसे? इजेत फरक जास्त, तर उत्तर मिळवायला जास्त जनावरे लागतात. प्रयोगात जनावरे कमीत कमी वापरावीत हे तत्त्व १९५९ पासून मांडलेले आहे आणि संस्थेची नीतिसमिती तेच विचारते. एक जनावर जरी आमच्या चांगल्या फिटिंगमुळे वाचले तरी ते काम मी मोलाचे मानतो.

म्हणून आम्ही वजन टाकणारे यंत्र केले. १९९४ मध्ये मार्मारू आणि सहकाऱ्यांनी दिलेली पद्धत अशी: भूल दिलेल्या उंदराच्या कवटीवर दहा मिलिमीटर व्यासाची, तीन मिलिमीटर जाडीची स्टीलची चकती चिकटवायची, त्याला फोमवर ठेवायचे आणि दोन मीटरवरून साडेचारशे ग्रॅमचे पितळी वजन नळीतून सोडायचे. चकतीमुळे कवटी फुटत नाही, पण मेंदूभर न्यूरॉनचे लांब तंतू ताणले जातात, जसे अपघातात होते. ऐकायला सोपे, पण दोन ठिकाणी घोळ होतो. वजन नळीला घासले की वेग कमी होतो. दोन मीटरवरून मोकळे पडताना सेकंदाला सव्वासहा मीटरच्या आसपास वेग यायला हवा. आम्ही नळी आतून होन केली (घासून गुळगुळीत केली), हवा निघायला भोके दिली आणि तळाशी दोन ऑप्टिकल सेन्सर लावले. आता प्रत्येक वेळचा खरा वेग पडद्यावर दिसतो, नोंदवला जातो. दुसरा घोळ म्हणजे वजन उसळून पुन्हा आदळते. त्यासाठी पहिला आघात होताच फोमचा ट्रे स्प्रिंगने बाजूला सरकतो. फोम स्वतःच मोठी डोकेदुखी. गादीवाल्याकडचा चालत नाही, वापरून वापरून तो बसतो. आम्ही प्रत्येक लॉटचे तुकडे ठरावीक वजनाखाली किती दबतात ते मोजून, शिक्का मारून देतो आणि बदलण्याची तारीख वर लिहितो.

पैशाचे बोलायचे तर हे काम पोट भरत नाही. संस्थांची बिले मार्चनंतर मार्च ओलांडतात, टेंडरमध्ये मागच्या तीन वर्षांची उलाढाल विचारतात आणि मोठ्या कंपनीचा कॅटलॉग आमच्या कागदाशेजारी ठेवतात. बँकेतल्या साहेबांना 'उंदराच्या डोक्याची चौकट' यावर कर्ज समजावणे जमले नाही, म्हणून व्हॉल्व्हच्या ऑर्डरवर घेतले. वडील सुरुवातीला नाराज होते. पण दर खंडेनवमीला लेथ, मिलिंग, ग्राइंडर यांच्या ओळीत ते स्वतः फ्रेम आणून ठेवतात आणि झेंडूची माळ तिलाही घालतात.

मिस्त्रीमामा आता तपासणीच्या टेबलावर बसतात. डाव्या हाताने डायल गेज धरतात, आणि काटा अर्ध्या रेघेने हलला तरी फ्रेम परत पाठवतात. शिकाऊ पोरे, मराठी असोत की कन्नड, त्यांना घाबरतात आणि त्यांच्याकडूनच शिकतात.

सध्या खोलीत पिस्टनचे यंत्र चालू आहे. उघड्या केलेल्या मेंदूच्या पृष्ठभागावर ठरवलेल्या वेगाने, ठरवलेल्या खोलीपर्यंत आणि ठरवलेल्या मिलिसेकंदांपुरता दाब देणारे. हवेवर चालवले की पिस्टन शेवटी किंचित पुढे जाऊन मागे येतो. एक-दोन मिलिमीटर खोलीच्या इजेत तेवढे पुढे जाणे खपत नाही. सिलिंडरच्या टोकाला कुशनिंग देणे (शेवटी पिस्टनचा वेग हळू करणे) बेळगावच्या हायड्रॉलिकवाल्यांना नवे नाही, तेच ज्ञान इथे छोट्या मापात उतरवतो आहोत. विद्युतचुंबकावर चालणारा दुसरा नमुनाही शेजारीच ठेवला आहे. दोन्हींची मोजणी पूर्ण होईपर्यंत एकही यंत्र विकणार नाही, असे मॅडमना कळवले आहे.

ज्या प्रयोगशाळांकडे कुठल्याही कंपनीची जुनी फ्रेम आहे, त्यांनी ती वर्षातून एकदा तपासून घ्यावी. कानाच्या दांड्या समोरासमोर येतात का आणि तिन्ही स्लाइडना किती ढिलाई आहे, एवढे आम्ही मोजून लेखी देतो. या तपासणीचे पैसे विद्यार्थ्यांकडून घेत नाही.