हम तो गोंडा के हैं

अयोध्येची तिकिटं आम्ही २०२४ च्या फेब्रुवारीत काढली. जानेवारीतली राममंदिराची प्राणप्रतिष्ठा टीव्हीवर बघितल्यापासून आईला जायचं होतं, आई जाणार म्हणून मावशीला जायचं होतं आणि मला रजा जूनमध्येच मिळत होती. मध्ये लोकसभेची निवडणूक येते, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

४ जूनला निकाल लागला. 'चारसौ पार'च्या घोषणा देणारा भाजप २४० वर थांबला आणि अयोध्या ज्यात येते तो फैजाबाद मतदारसंघ समाजवादी पक्षाच्या अवधेश प्रसाद यांनी ५४,५६७ मतांनी जिंकला. त्याच संध्याकाळपासून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अयोध्येच्या लोकांचा उद्धार सुरू झाला. कृतघ्न, नमकहराम, रामाला वनवासात धाडणारे हेच ते. पाठोपाठ फर्मान आलं: तिकडे गेलात तरी एक रुपया खर्च करू नका. आईने ग्रुप म्यूट करून ठेवलेला असतो, त्यामुळे तिची बॅग सुखाने भरली जात होती.

कल्याणला साकेत एक्सप्रेसमध्ये चढलो तर ते फर्मान अक्षरशः पाळणारे एक काका समोरच्याच बर्थवर. सोबत काकू. चिवडा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, फरसाण आणि बर्थखाली पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा बॉक्स. 'देवाचं दर्शन घेणार, पण त्यांच्या खिशात दमडी घालणार नाही,' हे त्यांनी इगतपुरी यायच्या आत सांगून टाकलं. शपथविधी ९ जूनला झालेला होता, सरकार एनडीएचंच आलं होतं, २९३ जागा होत्या, तरी काकांचं तोंड पडलेलंच. बाजूच्या बर्थवरचा मुलगा नेमका उलट, जिंकल्याच्या आनंदात. बरं, त्याचीही इंडिया आघाडी काही बहुमताच्या २७२ च्या जवळ पोचली नव्हती. दोघांनी नितीशकुमारांचे १२ आणि चंद्राबाबूंचे १६ इतक्या वेळा इकडून तिकडे केले की शेवटी मावशीने कानात कापसाचे बोळे घातले. मी तेही आणले नव्हते.

अयोध्या कँटला उतरलो तेव्हा अंगाची लाही होत होती. जूनमध्ये तिथे जाऊ नका, एवढंच म्हणते. आम्ही गेलोच ना!

स्टेशन फैजाबादेत आणि आमची खोली जुन्या अयोध्येत. काका-काकूंचंही मुक्कामाचं ठिकाण त्याच बाजूला होतं, म्हणून एकच ई-रिक्षा केली. चालक तिशीचा, डोक्याला ओला गमछा. रिक्षा रामपथाला लागली. दोन्हीकडे एकाच रंगाच्या, एकाच ठशाच्या दुकानांच्या रांगा. निम्मी दुकानं इतकी उथळ की आत दुकानदार बसला तर गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहावं. रस्ता रुंद करताना पुढचा भाग कापला गेला, मागे उरलं ते हे. मी ते बघत होते आणि काकांनी चालकाला विचारलं, 'क्यों भाई, तुम लोगों ने ऐसा क्यों किया?'

काय केलं, हे त्याने विचारलं नाही. मान न वळवता म्हणाला, 'बाबूजी, हम तो गोंडा के हैं.'

काकांचा आवाज खाली आला. 'अच्छा, गोंडा. वहाँ तो कमल आया.' शरयूपलीकडचा जिल्हा, तिथे खरंच भाजप जिंकला होता. मग उरलेल्या रस्त्यात त्यांनी त्याला आपलं माणूस समजून अयोध्यावाल्यांबद्दल पुष्कळ काही सांगितलं. एवढा मोठा विमानतळ दिला, स्टेशन दिलं, मंदिर दिलं, आणि यांनी काय केलं? चालक 'जी, जी' म्हणत राहिला. उतरताना काकांनी भाड्यातले वीस रुपये कमी करून घेतले.

संताप मला तिथेच आला होता, पण बोलले नाही. आई बोलली, मराठीत, ते दिसेनासे झाल्यावर: 'मंदिर काय या रिक्षावाल्याने उसनं घेतलं होतं, मतं देऊन फेडायला?'

दुसऱ्या दिवशी तोच चालक आम्ही दिवसभरासाठी ठरवला. दुपारी आईने विचारलं, 'बेटा, रोज गोंडा से आते हो? दूर पड़ता होगा.' तो हसला. 'माताजी, घर तो यहीं है, हनुमानगढ़ी के पीछे. गोंडा तो सवारी के लिए है.' निकालापासून प्रत्येक फेरीला हाच प्रश्न. सुरुवातीला तो समजावून सांगायचा, मग भांडायचा, मग कुणीतरी गोंड्याची युक्ती सुचवली. स्टँडवरचे कितीतरी जण आता गोंड्याचे झाले होते. आणि शिव्या घालणारेच येतात असं नाही. पाठ थोपटणारेही येतात. 'शाबास, काय धडा शिकवलात!' म्हणतात आणि फोटो काढतात. 'हमको दोनों से डर लगता है,' तो म्हणाला. मत कुणाला दिलं, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

त्याने आधी काय समजावून सांगितलं असेल, याची मला कल्पना आहे, कारण खोलीच्या मालकीणबाईंनी आम्हाला चहाबरोबर तेच सांगितलं. फैजाबाद मतदारसंघात पाच विधानसभा येतात: अयोध्या, रुदौली, बिकापूर, मिल्कीपूर आणि बाराबंकी जिल्ह्यातलं दरियाबाद. अयोध्या शहर ज्यात येतं त्या विभागात भाजपच थोड्या मतांनी पुढे होता. म्हणजे ज्यांच्या दारात जाऊन लोक ओरडतात, तिथली बेरीज वेगळीच. अवधेश प्रसाद मिल्कीपूरचे आमदार, दलित, पासी समाजाचे, आणि उभे राहिले खुल्या जागेवर. 'ना मथुरा, ना काशी, अबकी बार अवधेश पासी' ही घोषणा गावोगाव चालली. संविधान बदलायला मोठं बहुमत लागतं, असं भाजपच्या उमेदवाराचं वक्तव्य गाजलं होतं, तेही खेड्यात पोचलं होतं. मालकीणबाई स्वतः कमळवाल्या, पण घरासमोर पोलिसांचं बॅरिकेड लागलं की भाजी आणायला अर्धं गाव फिरावं लागतं, हे त्यांनी आवाज चढवून सांगितलं. त्यांच्याकडच्या दोन कुटुंबांनी निकालानंतर बुकिंग रद्द केलं होतं. आमच्यासमोर मात्र रोज गरम पुऱ्या, आणि मावशीच्या पायाला लावायला त्यांनी स्वतःचं तेल आणून दिलं. मला कुणी अनोळखी माणसाने सलग महिनाभर नमकहराम म्हटलं असतं, तर त्याच्या गावच्या लोकांना मी पाणीही विचारलं नसतं.

दर्शन छान झालं. फोन बाहेर ठेवावा लागतो, त्यामुळे आई मूर्तीकडे बघत होती आणि मीही. शरयूवरची आरतीही बघितली. काका पुन्हा दिसले ते घाटावर. बाटल्यांचा बॉक्स संपलेला, हातात उसाच्या रसाचा ग्लास. दुसरा भरून घेत होते. मी ओळख दाखवली नाही.

हनुमानगढीचे बेसनाचे लाडू आईने एक किलो घेतले आणि घरी आल्यावर सोसायटीत वाटले. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी डबा पुढे केल्यावर हात मागे घेतला. 'अयोध्येचे? आम्ही ठरवलंय, तिथलं काही घ्यायचं नाही.' आई 'बरं' म्हणून पुढच्या दारी गेली.

पुढे लोकसभेत अवधेश प्रसाद पहिल्या रांगेत अखिलेश यादव आणि राहुल गांधींच्या शेजारी बसलेले दिसायचे, तेव्हा ग्रुपवर दर वेळी नवीन आग लागायची. त्यांनी सोडलेल्या मिल्कीपूरची पोटनिवडणूक फेब्रुवारी २०२५ मध्ये झाली आणि ती भाजपने साठ हजारांवर मतांनी जिंकली. ग्रुपवर पेढ्यांचे फोटो, 'अयोध्येने चूक सुधारली' वगैरे. दोन दिवसांनी त्याच वहिनी लिफ्टमध्ये भेटल्या. आता पुन्हा कधी जाणार, जाल तेव्हा आमच्यासाठीही ते लाडू आणा, पावकिलो पुरेत, म्हणाल्या.

आई म्हणाली, 'पावकिलो तेव्हाच आणले होते की तुमच्यासाठी.'