‘कंटिन्यू’ दिसेनासं होण्याआधी

बाकं, घंटा, सहली आणि सरांची छडी यांवर या स्मरणिकेत लिहिणारे पुष्कळ असतील. माझ्या वाट्याची पानं मी आमच्या आगेमागच्या तुकड्यांच्या एका सामायिक मालमत्तेला देतो: हातात धरून खेळायच्या गेमबॉय यंत्रावरची पोकेमॉनची कॅसेट, म्हणजे प्राणी पकडून वाढवायचा आणि लढवायचा खेळ. कुणाच्या मामाने दुबईहून आणलेली, कुणाच्या आत्याने अमेरिकेहून धाडलेली. आज ती बहुतेकांच्या घरी जुन्या चार्जरांच्या ढिगात पडून आहे, आणि तिच्यातला आपला सगळा खेळ एका बटन सेलवर तग धरून आहे. तो सेल आता शेवटच्या घटका मोजतोय. म्हणून हे मनोगत कमी आणि दुरुस्तीची चिठ्ठी जास्त.

जपानमध्ये ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ या दोन कॅसेटी २७ फेब्रुवारी १९९६ला आल्या. कर्ता सातोशी ताजिरी, कंपनी गेम फ्रीक. ताजिरी लहानपणी टोकियोच्या कडेला माचिदात किडे पकडत हिंडायचा. दोन गेमबॉय जोडणारी केबल पाहून त्याला त्या वायरीतून इकडून तिकडे जाणारे किडे दिसले. खेळाचं सगळं मर्म त्या वायरीत आहे. इंग्रजी ‘रेड’ आणि ‘ब्लू’ अमेरिकेत सप्टेंबर १९९८मध्ये निघाल्या, आणि आपल्याकडे पोचल्या त्या याच. रेडमध्ये एकान्स, ग्रोलिथ, सायथर मिळतात. ब्लूमध्ये सँडश्रू, वल्पिक्स, पिन्सर. एकाच कॅसेटवर संग्रह पुरा होत नाही, समोर दुसरा खेळाडू लागतोच. त्यातून काडाब्रा, मशोक, ग्रॅव्हलर आणि हाँटर यांचं पुढचं रूप अदलाबदलीशिवाय उघडतच नाही. खेळ विकायची ही युक्ती होती हे खरं, पण एकलकोंड्या मुलालाही शेजारच्या बाकावर जाऊन बसायला लावणारा दुसरा व्हिडिओगेम तेव्हा नव्हता.

आत आहे तरी किती? पक्की स्मृती १ मेगाबाइट, म्हणजे मोबाइलवरच्या एका फोटोहूनही कमी. त्यात खेळातला अख्खा कांटो प्रांत, संगीत आणि १५१ प्राणी. शेवटचा म्यू तर शिगेकी मोरिमोटोने अगदी अखेरीस, चाचणीची साधनं काढून टाकल्यावर उरलेल्या चिंचोळ्या जागेत कोंबला. ही स्मृती पुसली जात नाही. आपलं नाव, पिशवी, जिंकलेले बॅज आणि पकडलेले प्राणी ठेवायचे प्रत्येकी २० जागांचे १२ बॉक्स मात्र ३२ किलोबाइटच्या वेगळ्या चिपमध्ये राहतात, आणि तिला सतत थोडासा विद्युतपुरवठा लागतो. तो देतो ३ व्होल्टचा सेल.

या तोकड्या जागेतूनच सगळ्यांच्या लाडक्या गफलतीचा जन्म झाला: मिसिंगनो, म्हणजे यादीत नसलेला एक प्राणी. रेड-ब्लूमध्ये पद्धत अशी. फ्लाय (उडून दुसऱ्या गावी जाणं) आणि सर्फ (पाण्यावरून जाणं) दोन्ही हाताशी हवेत. व्हिरिडियन शहराच्या उत्तर टोकाच्या म्हाताऱ्याशी बोलायचं, घाई आहे का विचारलं की ‘नो’ म्हणायचं आणि तो वीडल पकडून दाखवतो ते शेवटपर्यंत पाहायचं. लगेच फ्लायने सिनाबार बेटावर जायचं. वाटेत चालत कुठेही फिरायचं नाही. बेटाच्या पूर्व किनाऱ्याला अर्धी जमीन, अर्धं पाणी अशी एक पट्टी आहे, तिच्यावर सर्फ करत वर-खाली फेऱ्या मारायच्या.

असं का होतं, ते सुट्या भागांत पाहण्यासारखं आहे. म्हातारा पकडून दाखवत असताना पडद्यावर खेळाडूचं नाव ‘ओल्ड मॅन’ दाखवायचं असतं. तेवढ्या वेळापुरतं आपलं खरं नाव कुठे ठेवायचं? प्रोग्रामने ते जंगली प्राण्यांच्या यादीच्या जागेत ठेवलं. एरवी पुढच्या रस्त्यावर पाऊल टाकताच तिथली नवी यादी त्यावर लिहिली जाते. सिनाबार बेटाला स्वतःची यादीच नाही, त्यामुळे आपलं नाव तसंच राहतं, आणि त्या पट्टीवर खेळ नावातल्या अक्षरांचे आकडे प्राणी आणि लेव्हल म्हणून वाचतो. म्हणून कुणाला तिथे मिसिंगनो भेटायचा, तर कुणाला १००च्या वरच्या लेव्हलचा भलताच प्राणी. ‘माझ्याकडे येतो, तुझ्याकडे का येत नाही’ या मधल्या सुट्टीतल्या भांडणाचं उत्तर नावाच्या स्पेलिंगमध्ये होतं.

मिसिंगनो दिसला की पिशवीतली सहावी वस्तू वाढते, त्याचं गणितही तसंच सरळ. प्राणी दिसला की पोकेडेक्समध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नोंदवहीत, त्याच्या नावापुढे एक खूण होते. मिसिंगनोची खूण यादीबाहेर जाते आणि सहाव्या वस्तूच्या संख्येतल्या सर्वांत वरच्या बिटवर पडते. त्या बिटची किंमत १२८. एक रेअर कँडी (लेव्हल वाढवणारी गोळी) असेल तर १२९ होतात, आणि ९९च्या वरचा आकडा दाखवायची सोयच नसल्याने तिथे चित्रविचित्र चिन्ह उमटतं. संख्या आधीच १२८ किंवा जास्त असेल तर काहीच वाढत नाही. मिसिंगनोने कॅसेट कायमची बिघडते, ही अफवा. हॉल ऑफ फेममधली, म्हणजे विजेत्या संघाच्या नोंदीतली, चित्रं मात्र खरोखर विस्कटतात, कारण त्याचं चित्र उलगडताना जागा पुरत नाही आणि ते शेजारच्या नोंदींवर सांडतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. ‘अचूक’ म्हणून दिलेला हल्लाही २५६मध्ये एकदा हुकतो, कारण तुलनेत ‘पेक्षा कमी’ आहे, ‘किंवा बरोबर’ नाही. फोकस एनर्जी या चालीने जबर फटक्याची शक्यता चौपट व्हायची ती उलट चौथ्या भागावर येते. ज्यांनी ती वापरून वापरून सामने हरले, त्यांची कीव करावी.

आता कॅसेटकडे. सुरू करताच निन्टेन्डो या गेमबॉयच्या कंपनीच्या नावाच्या जागी काळा पट्टा किंवा कचरा दिसला आणि जुना राखाडी गेमबॉय तिथेच थांबला, तर सेलचा दोष नाही. यंत्र कॅसेटमधून ते ४८ बाइटांचं नाव वाचून स्वतःकडच्या प्रतीशी ताडून बघतं. जुळलं नाही की पुढे जात नाही. म्हणजे पिना मळल्यात. आपण सगळे फुंकर मारायचो ते चूकच, तोंडातल्या ओलाव्याने तांब्यावर गंज चढतो. ९० टक्क्यांहून कडक आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पिना पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खेळ नीट चालतो पण मेनूत ‘कंटिन्यू’ नाही, फक्त ‘न्यू गेम’ आणि ‘ऑप्शन’, तर सेल संपला. सेल संपलेली कॅसेट निकामी होत नाही, फक्त लक्षात काही ठेवत नाही.

उघडायला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट, म्हणजे या स्क्रूसाठीचा खास पाना, लागतो. चपटा स्क्रूड्रायव्हर घुसवलात तर स्क्रूचं डोकं झिजेल. स्क्रू काढला की पुढचं झाकण थोडं खाली सरकवून मग उचला, सरळ ओढलं तर वरचे दात तुटतात. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून सेल मोजा. ३च्या आसपास असेल तर बरं, २.५च्या खाली असेल तर भरवसा धरू नका. नंबर सेलवरच छापलेला असतो: नंतरच्या गोल्ड-सिल्व्हर कॅसेटींत सहसा सीआर २०२५, रेड-ब्लूमध्ये तोच किंवा सीआर १६१६. जो निघेल तोच घ्या, आणि पत्र्या आधीच जोडलेला घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. साध्या सेलवर थेट डाग देऊ नये, लिथियमचा सेल तापून फुटू शकतो. चिकटपट्टीने दाबून बसवलेला सेल एका आपटण्यात सुटतो आणि सगळं जातं. बोर्डावरची अधिक-उण्याची खूण आधी कागदावर उतरवून घ्या, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं, आणि एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका.

गोल्ड-सिल्व्हरच्या सेलवर आणखी एक बोजा असतो: दिवस-रात्र दाखवणारं घड्याळ. सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक, म्हणजे २चा १५वा घात. १५ वेळा निम्मं करत गेलं की बरोबर एक सेकंद मिळतो. हे घड्याळ यंत्र बंद असतानाही चालतं, म्हणून नंतर निघूनही या कॅसेटींचे सेल आधी संपले.

सेल काढला की साठवण गेली, हे पक्कं. आधी ती बाहेर काढायला हवी. यूएसबीवर चालणारा कार्ट रीडर (कॅसेट संगणकाला जोडणारं यंत्र) असेल तर ३२ किलोबाइटची फाइल काढून घ्या, सेल बदला, परत लिहा, काम झालं. रीडर नसेल तर जुनाच मार्ग, केबल. पहिल्या जाड गेमबॉयची केबल मोठ्या तोंडाची, पॉकेट आणि कलरची लहान तोंडाची, तेव्हा मधला अ‍ॅडॅप्टर लागू शकतो. मित्राच्या कॅसेटमध्ये एकास एक अदलाबदल होते, त्यामुळे त्याच्याकडे द्यायला पिजी, रटाटा असे साधे प्राणी भरपूर हवेत. काडाब्रा पाठवलात तर तो पोचताच अलाकझॅम होईल, बी दाबूनही थांबणार नाही. पैसे, पिशवी आणि बॅज केबलमधून जात नाहीत, ते सोडून द्यावे लागतील.

सेल बदलल्यावर नवा खेळ सुरू करून पोकेडेक्स मिळेपर्यंत पुढे जा, त्याआधी खेळातल्या केबल क्लबची, म्हणजे अदलाबदलीच्या खोलीची, बाई आत सोडत नाही. मग आपले प्राणी परत घ्या. एक अडचण राहते. नव्या खेळात खेळाडूचा ओळख क्रमांक नव्याने पडतो, म्हणून नाव तेच ठेवलंत तरी परत आलेले प्राणी तुम्हाला परका मालक समजतात. अनुभवाचे गुण दीडपट मिळतील, पण बॅज नसताना १०च्या वरच्या लेव्हलचा प्राणी मनात आलं तरच ऐकतो. कॅस्केड बॅजने ३०पर्यंत, रेनबोने ५०पर्यंत, मार्शने ७०पर्यंत. तुमचाच ८०चा चारिझार्ड ‘अर्थ’ बॅज मिळेपर्यंत लढाईत डुलक्या काढील, तेव्हा सुरुवातीचे सामने नव्याने पकडलेल्या लहानग्यांवरच काढा.