पूर्वरंग थोडक्यात आटपा

"काका, पूर्वरंग थोडक्यात आटपा. दहाला माईक बंद करायचाय."

काल नवी मुंबईतल्या ऐरोलीत, देवळाच्या पटांगणातल्या दशावताराच्या, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याच्या, रंगपटात हे कानावर आलं. काका तोंडाला रंग लावून गणपतीपुढे अगरबत्ती फिरवत होते. वळून न बघता म्हणाले, "गणपती नि संकासुर झाल्याशिवाय आख्यान सुरू होवचा नाय."

ते आटपणं मला अजून टोचतंय.

सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री हा खेळ पहाटेपर्यंत चालतो, दहीकाल्याने संपतो. लिहिलेले संवाद नसतात, नट तिथल्या तिथे बोलतो. आख्यान म्हणजे मुख्य कथा, तिच्याआधीचा हा पूर्वरंग: गणपती, सरस्वती, मग वेद चोरणारा संकासुर आणि त्याला मारणारा विष्णू. ही पूजाच आहे. ती कापली तर उरतं नुसतं नाटक.

कालचा संकासुर इथेच वाढलेला, आयटीत नोकरी करणारा पोरगा होता. मालवणी जरा अडखळत होती, पण समोरची चिल्लीपिल्ली सरकत सरकत पार रंगमंचाला चिकटली! फार बरं वाटलं.

दहाचा नियम पाळायलाच हवा, शेजारी आजारी, म्हातारी माणसं असतात. मग पुढच्या वर्षी खेळ संध्याकाळी पाचलाच उभा करूया का?