रशियन आकडे आणि आपलं अडीच

वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघालेल्या मुलांना मी जाण्याआधी भाषेची तोंडओळख करून देते. पहिल्या दिवशी मुलांपेक्षा त्यांचे आईवडीलच जास्त विचारतात, आणि त्यातला एक प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, व्याकरण होईल तेव्हा होईल, पण आकडे तरी आठवड्याभरात येतील ना?" तिकडे गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी मुलांचे फोन येतात, तेव्हा प्रश्न उलटा असतो : "मॅडम, सगळं थोडंफार जमतंय, पण आकड्यांचंच अडतंय. असं का?" तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून आज सविस्तर सांगते.

एक ते दहा आठवड्यात नाही, तासाभरात येतात. अदीन, द्वा, त्री, चितीरे, प्यात, शेस्त, स्येम, वोसिम, द्येवित, द्येसित. शंभराला स्तो. एका मुलाचे आजोबा वर्गात मागे बसले होते. द्वा-त्री ऐकून ते म्हणाले, "हे तर आमचंच आहे." खरंच आहे. द्वि, त्रि, चत्वारि, शत ही एकाच घरातली भावंडं. रशियन भाषा आणि आपली भाषा एकाच भाषाकुळातल्या, आणि ते नातं आकड्यांमध्ये सर्वात उघड दिसतं. पाठांतर हा इथे अडथळाच नाही.

अडचण आकडा संपल्यावर सुरू होते, त्याच्या पुढच्या शब्दापाशी.

एक रुबल म्हणजे अदीन रुबल. दोन, तीन, चार असले की 'रुबल्या'. पाचपासून पुढे 'रुब्ल्येय'. वीसपर्यंत तेच, मग एकवीसला पुन्हा 'रुबल', बाविसाला 'रुबल्या', पंचविसाला 'रुब्ल्येय'. पुस्तकात लिहिलेलं असतं : एकाला प्रथमेचं एकवचन, दोन ते चारला षष्ठीचं एकवचन, पाचपासून षष्ठीचं अनेकवचन. नियम खरा आहे, पण तो मुलांना मनमानी वाटतो, आणि मनमानी वाटलेलं डोक्यात टिकत नाही. म्हणून मी कारणापासून सुरुवात करते.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना रामः, रामौ, रामाः आठवत असेल. जुन्या रशियनमध्येही असं द्विवचन होतं. पुढे ते भाषेतून गेलं, जसं मराठीतूनही गेलं. पण दोनला चिकटलेलं रूप मागे राहिलं. ते षष्ठीच्या एकवचनासारखं दिसत असल्यामुळे लोक त्याला तेच समजू लागले, आणि शेजारचे तीन आणि चारही त्याच रांगेत आले. याचा पुरावा रोजच्या बोलण्यात ऐकू येतो, आणि मला तो फार आवडतो. तासाला 'चास' म्हणतात. 'तासाभराच्या आसपास' म्हणताना शब्द होतो 'चासा', आघात, म्हणजे उच्चारातला जोर, पहिल्या अक्षरावर. पण 'दोन तास' म्हणताना आघात शेवटावर जातो, आणि तोच शब्द 'चिसा' असा ऐकू येतो. लिहायला दोन्ही सारखेच. कित्येक शतकांपूर्वी गेलेलं द्विवचन त्या एका आघातात अजून जिवंत आहे.

आणि पाचपासून पुढे? पाच, सहा, सात ही जुन्या भाषेत नामं होती. आपण 'आंब्यांचा शेकडा' म्हणतो ना, तसं ते 'रुबलांचं पंचक' म्हणत. शेकडा म्हटलं की आंब्यांना 'चा' लागतो आणि ते अनेकवचनी होतात, याचं आपल्याला कधी ओझं वाटलं नाही. प्यात रुब्ल्येय म्हणजे नेमकं तेच. हे सांगितलं की मुलं पहिल्यांदा मान हलवतात.

एकविसाला पुन्हा एकवचन का, याचंही उत्तर रचनेत आहे. ते 'एकवीस' म्हणत नाहीत, 'द्वात्सत अदीन' म्हणतात, म्हणजे 'वीस एक'. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता, तो आठवत असेल. रशियन मुलं पहिल्यापासून असंच मोजतात. शेवटचा शब्द 'एक' असतो, म्हणून पुढचं नाम त्या एकाचं ऐकतं. अकरा ते चौदा मात्र याला अपवाद, कारण ते एकेकच शब्द आहेत. अदीनत्सत म्हणजे मुळात 'दहावर एक', आणि त्यात शेवट दहाचा.

दशक मोजताना चाळीस मध्येच वेगळा लागतो. वीस म्हणजे दोन दहा, तीस म्हणजे तीन दहा, पन्नास म्हणजे पाच दहा, पण चाळीसला 'सोरक'. सेबल नावाच्या प्राण्याची मौल्यवान केसाळ कातडी पूर्वी चाळिसाच्या गठ्ठ्यात विकली जात, आणि त्या गठ्ठ्यालाही सोरकच म्हणत. शब्दाच्या उगमाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, पण आपल्याकडे विसाला कोडी म्हणतात हे ज्यांनी ऐकलंय त्यांना व्यापारातून आलेला आकडा नवा वाटणार नाही.

आता मुख्य गोष्ट. मी रशियन इंग्रजीतून शिकले. पुस्तकं इंग्रजीतली, शब्दकोश इंग्रजीतला, त्यामुळे डोक्यातली वाटही तीच. मॉस्कोतल्या पहिल्या हिवाळ्यात एका वयस्क बाईंनी मला घरी चहाला बोलावलं. वेळ सांगितली : 'पोलप्यातवा'. 'पोल' म्हणजे अर्धा, 'प्यात' म्हणजे पाच, हे मला येत होतं. मी साडेपाचला पोचले. त्यांनी साडेचारला बोलावलं होतं. बाकीचे पाहुणे आटपून निघत होते. बाई रागावल्या नाहीत, फक्त त्यांची एक म्हण सांगितली, सात जण एकासाठी थांबत नाहीत अशी, आणि माझ्यासाठी पुन्हा पाणी उकळायला ठेवलं. मग भिंतीवरच्या घड्याळाखाली उभं करून त्यांनी मला समजावलं. बारा ते एक हा पहिला तास. चार वाजून गेले की पाचवा तास सुरू होतो. तो अर्धा झाला की पाचव्याचा अर्धा, म्हणजे साडेचार.

परतताना मेट्रोत मी तेच घोकत होते. पाचव्याचा अर्धा साडेचार, तिसऱ्याचा अर्धा अडीच. आणि अडीचपाशी थबकले. शाळेत बाईंनी कधीतरी सांगितलं होतं की अडीच हा शब्द 'अर्धतृतीय'वरून आला. अर्धतृतीय! तिसरा अर्धा! जी गोष्ट मला परकी वाटत होती ती मी लहानपणापासून दिवसातून दहा वेळा बोलत होते. घरी जाऊन शोधलं तर पुढचंही सापडलं. रशियनमध्ये दीडला 'पलतरा' असा स्वतंत्र शब्द आहे. तो मुळात 'पोल-फ्तरा', म्हणजे दुसऱ्याचा अर्धा. दीडशेला 'पलतरास्ता', एकच शब्द. जुन्या रशियनमध्ये अडीचला 'तिसऱ्याचा अर्धा' आणि साडेतीनला 'चौथ्याचा अर्धा' असे शब्द होते. आपल्याकडे साडेतीनला 'औट' म्हणत. अडीचकी आणि औटकीचे पाढे ज्यांच्या आजोबांनी पाठ केले त्यांनी तो ऐकला असेल. औट आला अर्धचतुर्थावरून. पुन्हा चौथ्याचा अर्धा.

इंग्रजीत दीडला एक शब्द नाही, अडीचला नाही. त्या वाटेने गेलं की हे सगळं दिसतच नाही. तेव्हापासून मी आकडे मराठीतूनच शिकवते, आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांनाही आधी घरचे शब्द आठवायला लावते.

पावणेतीन घ्या. पाऊण म्हणजे पाव उणा. रशियन म्हणतात 'बिस च्येत्विर्ती त्री', पावाविना तीन. सव्वादोनला मात्र वाटा वेगळ्या होतात : आपण दोनावर पाव म्हणतो, ते तिसऱ्याचा पाव म्हणतात. इथे सावध राहायचं.

माणसं मोजतानाही तसंच. मराठीत दोन मुलं म्हणता येतं, पण माणसांना आपण दोघं, तिघं, चौघं म्हणतो. रशियनमध्ये द्वोये, त्रोये, च्येत्विरा. 'मला दोन मुलं आहेत' हे तिकडे सहसा द्वोये वापरून म्हणतात. फरक एवढाच की आपल्याकडे दोघींना दोघी हा वेगळा मान आहे. तिकडे फक्त बायका असतील तर द्वोये चालत नाही, साधा दोन लागतो, तोही स्त्रीलिंगी : द्व्ये. पाचेक मिनिटं, वीसेक वर्षं म्हणायचं असेल तर ते शब्दांची जागा बदलतात. 'प्यात मिनूत' म्हणजे नेमकी पाच मिनिटं, 'मिनूत प्यात' म्हणजे पाचेक. आपला 'एक' जे काम शेवटी लागून करतो, ते तिकडे नुसत्या अदलाबदलीने होतं. वयाचंही आपल्यासारखंच. 'मला चाळिसावं लागलं' यात जो 'मला' आहे तोच त्यांच्या वाक्यात असतो. फक्त पाचपासूनच्या वर्षांना ते 'ल्येत' म्हणतात, आणि हा शब्द उन्हाळ्याचाही. चाळीस वर्षं म्हणजे चाळीस उन्हाळे. आपण पावसाळे मोजतो.

या सगळ्या नात्यात महाराष्ट्राचा एक सरळ धागाही आहे. पंधराव्या शतकात त्व्येर गावचा व्यापारी अफानासी निकितीन चौलला उतरला आणि जुन्नरला आला. विकायला एक घोडा आणला होता. जुन्नरपर्यंत तो घोडा आपल्याला शंभर रुबलांना पडला, असं त्याने लिहून ठेवलं आहे. त्याच्या प्रवासवर्णनाच्या नावातच 'तीन समुद्रांपलीकडे' आहे, रशियनमध्ये 'त्री मोऱ्या', आणि त्या समुद्राचं रूप तेच, दोन-तीन-चारवालं. वर्गात मी हे उदाहरण नेहमी देते. चौल, जुन्नर ऐकलं की मुलं सावरून बसतात.

मग आणखी कुठे अडतं? कानाशी. लिहिताना पन्नास लांबलचक असतो, बोलताना 'पिस्यात' होतो. हजाराचा तीसिचा 'तिश्शा' होतो. बारा आणि एकोणीस, द्विनात्सत आणि दिवित्नात्सत, घाईत सारखेच वाटतात. नऊ आणि दहा फोनवर ओळखू येत नाहीत. फोन नंबर ते एकेक अंक करून सांगत नाहीत. आधी तीन, पुन्हा तीन, मग दोन-दोन असे गट करतात : नऊशे पाच, एकशे तेवीस, पंचेचाळीस, सदुसष्ट. ऐकून लिहायला महिने लागतात, आणि त्यात कमीपणा नाही. खुद्द रशियन सैन्यात पन्नास आणि साठ यांची गल्लत होऊ नये म्हणून पन्नासला 'अर्धं शतक' म्हणायची पद्धत आहे.

मोठ्या आकड्यांची विभक्ती पहिल्या वर्षी सोडून द्या. 'पाचशे अठ्ठ्याहत्तर रुबलांसह' म्हणायचं तर आकड्यातला प्रत्येक तुकडा बदलतो, आणि तिथे शिकलेसवरलेले रशियनही अडखळताना मी ऐकलेत. तुमचं तेवढ्यासाठी काही अडणार नाही. फुलं घेताना मात्र मोजून घ्या. जिवंत माणसाला विषम संख्येत द्यायची, सम संख्येतली फुलं मृतासाठी असतात. आपण आहेरात शंभरावर एक ठेवतो, तसा एक जास्त धरायचा.

आणि एकटा आकडा कधीच पाठ करू नका. त्याला नेहमी एखादी वस्तू जोडा : दोन तिकिटं, पाच तिकिटं, एकवीस तिकिटं. दुकानातली पावती घरी आणून मोठ्याने वाचा. खोलीत मोबाइल असला तरी एक काट्यांचं घड्याळ भिंतीला लावा. तिसरा तास कुठे सुरू होतो आणि कुठे अर्धा होतो, ते काट्यावरच दिसतं.