जुना पॉवर टिलर बघायला गेलो आणि आधी टाकीला हात लावला

बैलजोडी विकून दोन वर्षं झाली, तेव्हापासून अडीच एकर उसाच्या बांधणीला दरवेळी कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहायचं, आणि त्या माणसाला वेळ मिळेपर्यंत ऊस डोक्याला लागतो. सिद्धेश्वर यात्रेच्या वेळच्या कृषी प्रदर्शनात नवा टिलर (मागं चालत हाकायचं दोन चाकी नांगरणीचं यंत्र) बघितला, किंमत ऐकली आणि शेंगाचटणी घेऊन घरी आलो. मग दाजी म्हणाले मोहोळकडं एक जुना आहे, पंचवीस वर्षांचा, साठ हजार म्हणतोय पण "एका हँडलला चालू".

सकाळी आठला पोचलो. लिंबाखाली उभा, ताजा लाल रंग मारलेला. मालक म्हणाला मारा की हँडल, बघा. मी हँडल न धरता पाण्याच्या टाकीवर तळवा ठेवला. कोमट. म्हणजे आम्ही यायच्या आधी चालवून ठेवलेलं. गरम इंजिन काय, माझा आठवीतला पोरगा पण चालू करेल. म्हणलं चहा घेऊ, घाई नाही. मालकाचं तोंड जरा उतरलं पण चहा चांगला केला होता, पावसावर बोलणं झालं, कारखान्याच्या बिलावर झालं, दीड तास गेला.

गार झाल्यावर डिझेल बंद करून, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) सोडायचा खटका न दाबता हँडल सावकाश फिरवलं. चांगलं इंजिन असेल तर एका जागी हँडल घट्ट अडतं, जोर लावला तर उलटं ढकलतं (अंगठा हँडलभोवती गुंडाळू नका, उलटा झटका बसला तर मनगट जातं). इथं अडलं थोडं आणि मग फुस्स करून पुढं गेलं. हे फुस्स कुठून येतंय ते कान लावून ऐकायचं. सायलेन्सरमधनं आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरकडनं आलं तर इनलेट, आणि ऑइल भरायच्या तोंडातनं आलं तर पिस्टनच्या रिंगा नाहीतर लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी). आमचं ऑइलच्या तोंडातनं. दाजींनी माझ्याकडं बघितलं, मी गप्प.

मग टाकीचं झाकण काढलं. आपल्याकडचं बोअरचं पाणी माहितीच आहे, बादलीला पण पांढरा थर बसतो. टाकीत बोट घातलं तर आतनं चुन्यासारखा खरखरीत थर. असला थर बसला की उन्हाळ्यात इंजिन तापतं आणि रिंगा त्यातनंच जातात, म्हणजे दुखणं कुठून सुरू झालं ते पण कळलं. चालू केल्यावर पाण्यात बुडबुडे येतात का ते बघितलं, ते नव्हते, म्हणजे हेड पॅकिंग ठीक. धूर मात्र निळसर, म्हणजे ऑइल जळतंय, आणि इंजिन गरम झालं तरी तसाच.

लोक इंजिनवरच अडकतात. मला विचाराल तर इंजिनापेक्षा गिअरबॉक्सची भीती जास्त, कारण रिंगा-लायनर कुठला पण मिस्त्री बदलतो, गिअर मिळवायला फिरावं लागतं. गिअरबॉक्सच्या ऑइलचा बोल्ट सैल करून चमचाभर ऑइल तळहातावर घेतलं आणि उन्हात धरलं. झिजलेल्या गिअरचे चांदीसारखे कण चमकले असते तर तिथनंच परत फिरलो असतो. नव्हते. गिअर मध्येच सुटत पण नव्हता. माती फोडणाऱ्या रोटरची पाती झिजून अर्धी झालेली, ती स्वस्तात येतात, पण रोटर धरून हलवला तर खडखड वाजला, म्हणजे बेअरिंग. डावा स्टेअरिंग क्लच दाबला तर वळायचं नाव नाही, सरळ माझ्या पायावर येत होता.

कंपनी बघायची ती स्पेअरसाठी. बंगळूरची व्हीएसटी १९६७ ची, मित्सुबिशीच्या सहकार्यानं उभी राहिलेली, केरळची कॅम्को १९७३ ची, तिला कुबोटाचं तंत्र. असं माहितीतलं मशीन असलं की कुठला पार्ट मागायचा ते तरी कळतं. ह्याची कंपनीच्या नावाची प्लेटच निघालेली. मालक म्हणाला रंग मारताना काढली. बरं.

मिस्त्रीला फोन लावला, त्यानं लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, पाती, पट्टे, मजुरी धरून अठरा हजार सांगितले, म्हणजे होईपर्यंत बावीस. मी मनात उलटा हिशेब पण केला, चार-साडेचारशे किलो लोखंड आहे, भंगारात गेलं तर किती. म्हणलं तीस देतो. मालक म्हणाला, "पाव्हणं, रंगाचेच तीन हजार गेलेत."

म्हणलं रंग तुम्ही ठेवून घ्या.

परवा त्याचा फोन आला होता, चाळीसला देतो म्हणतोय. दाजी म्हणतात पस्तीसला तुटेल, इसार घेऊन जाऊ. मी म्हणलं आधी ती प्लेट शोधायला सांगा त्याला.